कातळवाडीचा पाण्याचा सप्ता

कातळवाडीच्या डोंगरावरून खाली झऱ्याकडे एकशे चाळीस पायऱ्या उतरतात. वाडीत नळ येऊन बरीच वर्षं झाली, तरी चैत्री पाडव्यापासून सात दिवस इथे कुणी नळ सोडत नाही. त्या दिवसांत पाणी भरायचं ते पुरुषांनी. सरपंच असो की पुण्याहून रजा काढून आलेला नोकरदार, डोक्यावर बायकोच्या जुन्या लुगड्याची चुंबळ आणि तीवर घागर. याला इथे पाण्याचा सप्ता म्हणतात. पाहुणे हसू लागले की म्हातारे गोविंदतात्या त्यांना पहिल्या पायरीवर बसवतात आणि सगळं सांगतात.

फार वर्षांपूर्वी इथे पायऱ्या नव्हत्या, नुसती उभी चढण होती. वाडीत धोंडू नावाचा गडी होता म्हणे, अंगाने दांडगा आणि मनाने हळवा. त्याच्या बायकोला, येसूला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा त्या चढणीवरच पोट रिकामं झालं. तिसऱ्या खेपेला सुईण स्पष्टच म्हणाली, “आता हिनं डोईवर घागर घेतली, तर लेकरू हाती लागायचं न्हाई.”

घरात तिसरं माणूस म्हणजे धोंडूची आई, सगुणा. तिचे गुडघे केव्हाच गेलेले. आणि गड्याने घागर डोईवर घ्यायची, म्हणजे मिशा उतरवून चावडीवर बसण्यासारखंच. धोंडूने दोन दिवस विचार केला. पाडव्याला, ऐन दुपारी सारी वाडी डोळा लागून पडलेली असताना, त्याने येसूचं लुगडं गुंडाळलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि घागर घेऊन चढण उतरला.

वर येईतो अर्धी घागर त्याच्या अंगावर सांडली होती. तरी त्याला वाटलं, कुणाला पत्ता लागला नाही. भाबडाच तो! अशा ढांगा टाकणारी, दोन्ही हातांनी घागर कवटाळून चालणारी बाई कुणी पाहिली होती? जाग्या असलेल्या बायांनी दाराआडून पहिल्याच दिवशी ओळखलं. पण एकीनेही तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला झऱ्याच्या काठावर घट्ट वळलेली एक चुंबळ ठेवलेली मिळाली. ती कोणी ठेवली, ते कधीच कळलं नाही, असं सांगतात.

सातव्या दिवशी तो चढण चढून आला, तो समोर आई उभी. जगाच्या हसण्यापेक्षा त्याला तिचीच धास्ती होती. तिने त्याच्या तोंडावरचा पदर खाली ओढला.

“कवापास्नं?”

“पाडव्यापास्नं, आई.”

ती तिथेच मटकन खाली बसली.

“तुज्या आदी चार गेली रं माजी. ह्याच चढणीवर. तू जगलास, कुनाची नजर नको म्हून धोंडू नाव ठिवलं. तुजा बा चावडीवर बसून बगत हुता.”

आपलं नाव असं का, हे धोंडूने जन्मात विचारलं नव्हतं. त्याने घागर उतरवली आणि आईच्या ओंजळीत पाणी ओतलं. लग्न होऊन आल्यापासून गड्याने भरून आणलेलं पाणी ती पहिल्यांदाच जाणूनबुजून पीत होती.

“त्यो पदर काड आता,” ती म्हणाली. “उगड्या तोंडानं जा.”

तो चावडीवरून तसाच गेला. माणसं खो खो हसली, तेव्हा आईची चार लेकरं कुठे गेली ते त्याने सांगितलं. मग एकेक जण घरी गेला, आपल्या आईसमोर बसला आणि तिची किती गेली ते विचारू लागला. पुढच्या चैत्रात चावडी ओस पडली आणि चढणीवर गड्यांची रांग लागली. पायऱ्याही त्यांनीच खोदल्या. येसूला मुलगी झाली. जगली, नातवंडांची आजी झाली.

आजही सप्त्याची पहिली घागर घरात नेत नाहीत. थोरली बाई उंबऱ्यावर ओंजळ धरून बसते, लेक पाणी ओततो आणि विचारतो, “आई, आमच्याआदी किती गेली?” तीही सांगते. हल्ली बहुतेक घरांत ती हसून म्हणते, “एकबी न्हाई.” तरी विचारायचं असतं.