झालीची दुरडी

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात द्वारका नावाची बुरडीण राहत होती. नवरा गेलेला, पदरात आठ वर्षांची एकच पोर, सुली. द्वारका सुपं, टोपल्या, दुरड्या विणायची आणि दोघींचं पोट भरायची. पोट भरायचं म्हणजे काय, एक वेळ भरायचं आणि दुसऱ्या वेळी त्याची समजूत घालायची.

गावात लग्न निघालं की झालीची दुरडी द्वारकेनंच करायची, अशी रीत होती. झाल म्हणजे पाठवणीची वेळ. दुरडीत दिवे लावून ती मुलाकडच्या माणसांच्या डोक्यावर ठेवतात आणि ‘आमची लेक सांभाळा’ म्हणून सांगतात. त्या दुरडीचा मान मोठा. तिच्यामागून वर्षभराची गिऱ्हाइकंही द्वारकेच्या दारी येत. तेवढ्यावर तर तिची चूल पेटायची.

त्या साली हरी माळ्याच्या थोरलीचं लग्न ठरलं. त्यानं वेळूसाठी आगाऊ पैसे दिले. द्वारका सुलीला घेऊन बाजाराला निघाली. वेळू घ्यायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला. चांदण्यातला घेतला तर त्याला भुंगा पोखरतो, हे बुरडाच्या घरातलं रांगतं पोरसुद्धा जाणतं.

पण वाटेत कापडवाला लागला. दुकानाबाहेर एक जांभळा, जरीकाठी परकर टांगलेला होता. सुली तिथं थबकली. तिनं हट्ट केला असता, तर द्वारकेनं एक धपाटा घालून तिला पुढं ओढलं असतं. पण पोरीनं मागितलंच नाही हो! नुसता काठाला हात लावला आणि आपणच मागं घेतला. “माझ्या लेकीनं जन्मात एकदाही नवं नेसू नये का?” असं म्हणत द्वारकेनं कनवटीला हात घातला. भाव करायचंही भान तिला राहिलं नाही.

उरलेल्या पैशांत चांगला वेळू येईना. चांदण्यात तोडलेला तेवढा स्वस्त होता. ‘एका संध्याकाळचं तर काम दुरडीचं, तेवढ्यात काय होतंय?’ तिनं स्वतःला समजावलं. घरी सुली परकर नेसून गिरक्या घेऊ लागली, तेव्हा द्वारका कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. खोटं कशाला सांगा, ते सुख खरं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिनं दुरडी उचलली, तर खाली पिवळसर भुकटी पडलेली. द्वारका चरकली. तेव्हाच जाऊन सांगितलं असतं, तर दुसरी दुरडी आणायला वेळ होता. पण सांगायचं म्हणजे पैशांचं काय केलं, तेही सांगावं लागणार. तिनं भुकटी पदरानं पुसली, दुरडीला हळद माखली आणि नेऊन दिली.

झालीच्या वेळी मुलाच्या आईच्या डोक्यावर दुरडी ठेवली आणि तिचा तळच सुटला. दिवे अंगावर आले, पदर पेटला. माणसांनी झडप घालून विझवला, म्हणून थोडक्यात निभावलं. पण हा अपशकुन मानून सासू पहिल्याच दिवशी नवरीकडे वाकड्या नजरेनं बघत होती.

हरी माळ्यानं तुटलेली, भुंग्यानं पोखरलेली दुरडी उचलून पाहिली. मग मांडवात नवा परकर नेसून उभ्या असलेल्या सुलीकडे पाहिलं. त्याला सगळं उमगलं.

“द्वारके,” तो म्हणाला, “मागितलं असतंस तर परकराला वेगळे पैसे दिले असते गं. माझ्या लेकीच्या पाठवणीतून कशाला घेतलेस?”

द्वारकेनं सुलीचा हात धरला आणि ती मांडवातून बाहेर पडली.

पुढच्या लग्नाची दुरडी तालुक्याहून आली. हळूहळू सुपंही तिकडूनच येऊ लागली. घरात दोन तोंडांचं भागेना. शेवटी द्वारकेनं काळजावर दगड ठेवला आणि सुलीला तालुक्याला एका लांबच्या नातलगाकडे, त्यांचं तान्हं पोर सांभाळायला, ठेवून दिलं.

निघताना तिनं सुलीच्या तोंडावरून हात फिरवला. “रडू नको गं बाई. दिवाळीला भेटायला येते. तुला काय आणू, सांग.”

सुलीनं तिचा पदर मुठीत घट्ट धरला. “काही आणू नको, आये. तू नुसती ये.”

तात्पर्य: दुसऱ्यानं विश्वासानं हाती दिलेल्या पैशातून लेकराची हौस भागवू नये, आणि भागवलीच तर चूक झाकू नये. माया कितीही खरी असली, तरी अशा हौसेची किंमत शेवटी लेकरालाच मोजावी लागते.