नितळ फिल्म

एकदा एका प्रयोगशाळेत एक शिष्य आपल्या गुरूंवर अगदी वैतागला होता. आणि खरे सांगायचे तर गुरू त्याच्यावर त्याहून अधिक वैतागल्या होत्या.

शिष्याचे नाव निरंजन. दाब पडताच किंचित वीज देणारी प्लास्टिकची पातळ फिल्म बनवणे हे त्याचे काम. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या छातीवर ती चिकटवायची, म्हणजे श्वास अडखळला की परिचारिकेला तत्काळ कळेल, अशी योजना. नवजात कक्षाच्या डॉक्टर त्या दुपारी येणार होत्या. याही वेळी काही दिसले नाही, तर त्या पुन्हा येणार नव्हत्या.

निरंजनच्या फिल्म काचेसारख्या नितळ. येणारा-जाणारा त्या उजेडात धरून वाहवा करी. वीज तेवढी देत नसत! त्या विजेने जाग्या व्हाव्यात म्हणून हा आपला त्यांवर दिलेला व्होल्टेज वाढवत बसे. "ओढ रे ती," सांगून सांगून गुरूबाई थकल्या. पण ओढली की फिल्म पांढुरकी पडे, म्हणून याचा हात धजेना. असल्या जपण्याला काय म्हणावे?

शेवटी बाईंनी सर्वांत सुंदर फिल्म उचलली, दोन्ही टोके चापांत अडकवली, गरम केली आणि चाक फिरवू लागल्या. फिल्म लांबली, अरुंद झाली, दुधाळ पडली.

"अहो बाई, वाट लावलीत तिची! एवढी चांगली एकच जमली होती."

"चांगली कशासाठी? भिंतीवर लावायला? अरे, हिच्या आतल्या रेणूंच्या साखळ्या दुमडून बसल्यात, एकीचा जोर दुसरी खाते. विजेचा कितीही मारा कर, ढिम्म हलणार नाहीत. गरम असताना सावकाश ओढलं की सरळ होऊन एका दिशेला लागतात. मग विजेचं ऐकतात. आणि निवेपर्यंत ताण सोडायचा नाही. मागे तू ओढलीस, लगेच सोडलीस, ती आखडली. वर मलाच म्हणालास, ओढण्यात अर्थ नाही!"

निरंजनने चाक बाईंच्या हातून घेतले. फिल्म निवेपर्यंत त्याने चाक धरून ठेवले, मग तिला विजेचा संस्कार दिला.

डॉक्टर आल्या. त्याने त्या फिल्मची पट्टी स्वतःच्या छातीवर चिकटवली आणि तिच्या तारा पडद्याला जोडल्या. पडद्यावरची रेघ सरळच. त्याचा चेहरा रडवेला झाला.

"श्वास रोखून काय उभा आहेस?" बाई कडाडल्या. "श्वास घे की!"

त्याने श्वास घेतला. रेघ वर चढली, आणि त्याने सोडला तशी खाली उतरली.

"वॉर्डमध्ये कधी आणताय?" डॉक्टरांनी विचारले.

निरंजनने काचांमध्ये जपून ठेवलेली दुसरी नितळ फिल्म काढली आणि ती उजेडात न धरताच चापांत अडकवली.

"निवेपर्यंत सोडू नकोस म्हणजे झालं," मागून बाई करवादल्या.

"नाही सोडत, बाई," तो म्हणाला.