झुबकीची ढोली

माणसांनी अजून वाटा पाडल्या नव्हत्या, त्या काळातल्या रानात झुबकी नावाची खार राहायची. दिवसभर धावधाव करून ती बिया गोळा करायची, मनसोक्त खायची आणि उरलेल्या दिसेल तिथे पुरायची. पावसाची झड लागली आणि पिल्लं भुकेनं रडू लागली. झुबकीनं वेड्यासारखी माती उकरली, पण हाती काही लागेना.

शेजारची म्हातारी घूस म्हणाली, "अगं, माझ्या दुप्पट मिळवतेस तू. मग जातं कुठे?"

"ठाऊक नाही, काकू," झुबकी मान खाली घालून म्हणाली.

घुशीनं पिल्लांपुरत्या बिया दिल्या. झड ओसरल्यावर झुबकीला पहिली बी सापडली. भुकेनं जीव कासावीस झाला होता, तरी ती बी तिनं ढोलीत नेऊन ठेवली आणि मगच खायला दुसरी शोधायला निघाली.