पावडरीचा डबा आणि होडीचं वल्हं

कृष्णाकाठच्या एका गावात आदगोंडा नावाचा एक भडंगवाला राहत होता. त्याच्या भडंगाला चव होती आणि त्याच्या पोटाला घेर होता. दोन्ही एकाच कढईतून आलेले. गिऱ्हाईक आलं की तो मूठभर भडंग चवीला त्याच्या हातावर ठेवी आणि मूठभर आपल्या तोंडात टाकी. गिऱ्हाइकं दिवसाला साठ-सत्तर येत.

त्याच्या दुकानाला लागूनच रामलिंग शिंप्याचं दुकान होतं. रामलिंग इतका किडकिडीत, की अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसे. दोघं लहानपणापासूनचे मित्र. एकाचं वजन अठ्ठ्याण्णव किलो, दुसऱ्याचं अठ्ठेचाळीस.

त्या गावात दर भाद्रपदात होड्यांची शर्यत होई. आठ जणांनी वल्ही मारायची, समोरच्या काठाला वळसा घालून परत यायचं. आदगोंडा दरवर्षी घाटावर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडायचा. एकदा तरी आपण त्या होडीत असावं, असं त्याला मनातून वाटे. पण चाळिशी आली तरी ते त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

त्या वर्षी चैत्रात होडीतले दोन गडी नोकरीसाठी शहरात गेले. दोन जागा रिकाम्या झाल्या. आदगोंडाने धीर केला आणि रामलिंगाला बरोबर घेऊन तो आप्पा नावाड्याकडे गेला. गावची होडी आप्पांच्या ताब्यात असे.

आप्पांनी दोघांना होडीत बसवलं. आदगोंडा बसला त्या बाजूला होडी कलली. रामलिंगाने वल्हं मारलं, तर पाण्याने ते त्याच्या हातातून ओढून नेलं.

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "आदगोंडा, तू दहा-बारा किलो उतरव. रामलिंग, तू दंडात ताकद आण. श्रावण संपता संपता परत या. तोवर जागा राखून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आदगोंडा गुपचूप तालुक्याला गेला. तिथे एका दुकानात प्रोटीन पावडरीचे मोठमोठे डबे मांडले होते. दुकानदार म्हणाला, "मालक, हा न्या. चरबी लोण्यासारखी वितळंल." आदगोंडाने डबा पिशवीत घातला आणि परतीच्या एसटीत चढला. खिडकीपाशी रामलिंग बसला होता. त्याच्या मांडीवरही पिशवी होती.

"कुठं रं?"

"बटणं आणायला. तू?"

"शेंगदाणे बघायला."

तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि दोन्ही पिशव्यांतून दोन सारखेच डबे घरंगळत पुढे गेले. कंडक्टरने ते उचलून दोघांच्या हातात दिले. रामलिंग ओशाळून म्हणाला, "दुकानदार म्हणाला, अंगावर मांस चढंल."

"मला म्हणाला, उतरंल."

दोघांनी एकमेकांच्या डब्याकडे पाहिलं. दिसायला सारखे असले तरी आतला माल वेगळा असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग सुरू झाली पावडर. आदगोंडा दोन्ही वेळ पोटभर जेवायचा. वर तांब्याभर दुधात पावडर, साखर आणि दोन केळी घालून प्यायचा. पावडर आत जाऊन चरबी खाते आहे, या भरवशावर तो भडंगाची मूठ जरा मोठीच भरू लागला. तिकडे रामलिंग सकाळी पावडर प्यायचा. तिने पोट असं भरून जाई, की दुपारची भाकरी नकोशी होई. रात्री परत पावडर, मग रात्रीची भाकरीही राही. दिवसभर तो मशीनवर बसून असे आणि संध्याकाळी टेपने दंड मोजी.

महिन्याने दोघं धान्याच्या व्यापाऱ्याकडच्या काट्यावर उभे राहिले. आदगोंडा भरला एकशे एक किलो. रामलिंग शेहेचाळीस.

मग आदगोंडाच्या डोक्यात प्रकाश पडला. "लेका, एसटीत डबे बदलले. तुझा माझ्याकडं आला नि माझा तुझ्याकडं."

रामलिंगाला हे लगेच पटलं. दोघांनी डबे बदलून घेतले आणि पुन्हा पंधरा दिवस तसंच चालू ठेवलं. काट्याने सांगितलं, एकशे दोन आणि पंचेचाळीस.

आता दोघंही चिडले. तालुक्याला जाऊन दुकानदाराला जाब विचारायचा, असं ठरलं. आदगोंडाची बायको पद्मिनी हे सगळं ऐकत होती. तिने दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि त्यांच्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला. अक्षर न् अक्षर एकच निघालं.

"दुकानदाराशी भांडाल तेव्हा भांडा," ती म्हणाली. "पण अहो, तुम्ही हे जेवणावर पिता आणि भाऊजी जेवणाऐवजी पितात. डबा तरी काय करंल?"

आदगोंडाला राग आला, पण बोलणं पटलंही. तो रामलिंगाला घेऊन तालुक्याला न जाता आप्पांकडे गेला आणि घडलं ते सगळं सांगून मोकळा झाला. जेवणावरची केळी आणि साखरसुद्धा त्याने लपवली नाही.

यावेळी आप्पा पोट धरून हसले. मग म्हणाले, "डबा वाईट न्हाई. डाळीत, दुधात, शेंगदाण्यात जे असतं, तेच त्यात काढून भरलंय. पण विटा आणून टाकल्या म्हणून भिंत उभी राहते का? गवंड्याला राबावं लागतं. रामलिंग, तू विटा आणल्यास, पण कामाला कुणी न्हाई आणि घरातलं धान्यही बंद केलंस. आणि आदगोंडा, तुझं घर कधीच बांधून झालंय. तू नुसते मजले चढवतोयस."

दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी दोघांना कामाला जुंपलं. रोज सकाळी नदीवर होडीच्या फेऱ्या. पूर आला की वाळूची पोती खांद्यावर घेऊन घाटाच्या पायऱ्या. रामलिंगाने दोन्ही वेळ भाकरी, डाळ, दही खायचं आणि मेहनत झाल्यावर वर पावडर घ्यायची. आदगोंडाने साखर, केळी सोडायची, ताटातली एक भाकरी कमी करायची आणि चारच्या भुकेला भडंगाऐवजी पाण्यात कालवलेली पावडर प्यायची.

पहिले आठ दिवस आदगोंडाचे हात फोडांनी भरले. नवव्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. कढईतून लसणीचा वास येत होता. त्याने एक मूठ तोंडात टाकली, मग दुसरी, आणि मग मोजणं सोडून दिलं.

सकाळी नदीवर जाताना त्याच्या मनात येत होतं, की आप्पांना काय कळणार आहे? पण वल्हं हातात घेतल्यावर त्याला बरं वाटेना. तो म्हणाला, "आप्पा, काल मी टोपलीभर भडंग खाल्लं."

"गोड लागलं का?"

"लई गोड लागलं."

"मग आज दोन फेऱ्या जास्त मार," आप्पा म्हणाले आणि विषय संपला. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी दुकानात पद्मिनी बसू लागली.

आषाढात दोघांचे डबे संपले. रामलिंगाने नवा आणला, कारण मशीनवरून उठून सारखं काही खाणं त्याला जमत नव्हतं. आदगोंडाने आणला नाही. तो चार वाजता मोडाची मटकी आणि ताक घेऊ लागला. दोघांचंही काम पहिल्यासारखंच चालू राहिलं. रामलिंगाच्या सदऱ्याच्या बाह्या घट्ट होऊ लागल्या. आदगोंडाचे सदरे रामलिंगानेच बाजूने आत घेऊन शिवले.

श्रावण संपता संपता दोघं आप्पांच्या समोर पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर चढले. रामलिंग पन्नास किलो. आदगोंडा एक्याण्णव.

आदगोंडाचा चेहरा उतरला. दहा किलो उतरवायचे ठरले होते, त्यातले तीन अजून उतरायचे राहिले होते. तो काट्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, "आप्पा, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. रामलिंगाला तेवढी घ्या."

आप्पांनी त्याला नदीवर नेलं आणि होडीत मधल्या फळीवर बसवलं. होडी सरळ उभी राहिली. आदगोंडाने वल्हं मारलं, तशी ती पाणी कापत पुढे गेली.

"व्यापाऱ्याचा काटा काय म्हणतो ते व्यापारी बघंल," आप्पा म्हणाले. "मी पाण्याचं ऐकतो."

भाद्रपदात शर्यत झाली. पाच गावांच्या होड्या होत्या. आदगोंडा आणि रामलिंग एकामागे एक बसले होते. समोरच्या काठाला वळसा घालताना त्यांची होडी तिसरी होती. तिथून तिने एकीला मागे टाकलं आणि ती दुसरी आली. पहिली आली असती तरी आदगोंडाला याहून जास्त आनंद झाला नसता. घाटावर उतरल्यावर तो आणि रामलिंग ओल्या कपड्यांनीच गळ्यात गळे घालून नाचले.

ही बातमी तालुक्यापर्यंत गेली. चार दिवसांनी डबे विकणारा दुकानदार फोटोवाल्याला घेऊन आदगोंडाच्या दारात हजर झाला. म्हणाला, "मालक, तुम्ही दोघांनी हातात डबा धरून एक फोटो द्या. दुकानावर मोठा बोर्ड लावतो. एकाचं वजन उतरलं, एकाचं चढलं, सगळं आमच्या पावडरीनं. वर्षभर दोघांना डबे फुकट."

रामलिंगाने आदगोंडाकडे पाहिलं. रामलिंगाला पावडर अजून लागत होती. आदगोंडाला ते ठाऊक होतं, म्हणून नाही म्हणणं त्याला जड जात होतं. मग रामलिंगच म्हणाला, "आदू, तुला वाटतं ते सांग. मी माझा डबा विकत घेईन."

आदगोंडा दुकानदाराला म्हणाला, "फोटो काढा. पण हातात वल्ही राहतील, डबा पायाशी ठेवा. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा, रोज सकाळी नदीवर राबलो, जेवण ताळ्यावर आणलं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहा, पावडरही घेतली."

दुकानदार गोंधळला. "असं लिहिल्यावर डबा कोण घेणार?"

"ज्याला वल्हं मारायचंय तो घेईल," आदगोंडा म्हणाला.

तात्पर्य: पावडर अंगाला खुराक देईल, पण राबायचं अंगालाच लागतं आणि ताट आवरायचं मनाला, आणि यश आलं, की ते ज्याने आलं त्याचंच नाव सांगावं.