बुडालेल्या तासांची शिकवणी

तालुक्याच्या कॉलेजात वैजयंती लोंढे नावाच्या प्राध्यापिका होत्या. कबड्डीच्या मुली स्पर्धांसाठी गावोगाव जात, त्यांचे तास बुडत, आणि एखादी नापास झाली की घरचे तिचा खेळच बंद करून टाकत. म्हणून लोंढे मॅडमनी सकाळच्या सरावानंतर त्यांच्यासाठी शिकवणी सुरू केली होती.

संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब घाटगे यांना ते पसंत नव्हतं. त्यांनी मॅडमना कार्यकारिणीच्या सभेत बोलावून घेतलं.

"जी मुलगी वर्गात हजरच नव्हती, तिला तेच परत कशाला शिकवायचं? एक तरी पटेल असं कारण सांगा, नाहीतर शिकवणी बंद."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मागच्या सभेला आपण नव्हता."

"कसा असणार? आपल्या मुलींनी विभागीय स्पर्धा जिंकली. करंडक घ्यायला मी गेलो होतो."

"मुलीही तिथेच होत्या. त्यांचा अर्थशास्त्राचा तास बुडाला, आपली सभा बुडाली. आज आल्या आल्या सचिवांनी आपल्याला मागच्या सभेत काय झालं ते समजावून सांगितलं. मीही मुलींसाठी तेवढंच करते."

सभासद माना खाली घालून हसू दाबू लागले. बापूसाहेबांनी चहाचा घोट घेतला.

"म्हणजे मीही तुमच्याच वर्गातला म्हणायचा?"

"हो साहेब. फक्त मुलींना एकदा सांगितलं की कळतं. आपल्याला मघाशी सचिवांनी दोनदा सांगितलं, तेव्हा कळलं."

आता बापूसाहेबांनाही हसू आवरेना. ते सचिवांकडे वळले.

"लिहून घ्या, शिकवणी चालू राहील. आणि पुढच्या सभेत हे मला परत समजावून सांगू नका."