काहिलीत काय दिसतं

“म्हणजे चुकलं माझंच, असं म्हणायचंय ना तुम्हाला?” हेरवाडे सर म्हणाले.

सिदगोंडा आण्णा उपड्या डब्यावर बसून होता. समोर काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळत होता.

आण्णा आमच्या गुऱ्हाळाचा गुळव्या. रसाचा गूळ नेमका कधी होतो ते ओळखणारा. पन्नास वर्षं हेच काम. आसपासच्या गावांतले सात-आठ गुळवे त्याच्याच हाताखाली तयार झाले. त्याला अक्षर एक येत नाही. पण शिकवताना असं बोलायचा, की ऐकलेलं डोक्यातून जायचं नाही.

म्हणून तर मास्तर आले होते. आले म्हणजे हेडमास्तरांनी पाठवले. एवढा एम.ए. झालेला माणूस आपल्या मनानं गुऱ्हाळात शिकायला येतोय होय.

“सहा वेळा शिकवलं,” सर म्हणाले. “उपमा म्हणजे काय, रूपक म्हणजे काय. पोरं धडाधड व्याख्या म्हणून दाखवतात. मग म्हटलं, आपल्या गावावर चार ओळी लिहा, एक तरी उपमा घाला. बेचाळीस वह्या तपासल्या. बेचाळिसांचं गाव स्वर्गासारखं.”

मी खाली चुलवाणाच्या खड्ड्यात, काहिलीखालच्या जाळात उसाची चिपाडं सारत होतो. तिथनंच म्हणालो, “गटारं बघितली नसतील.”

सरांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

“स्वर्गासारखं, हे कुणी सांगितलं त्यांना?” आण्णानं विचारलं.

“...मीच. नमुना म्हणून फळ्यावर लिहिलं होतं.”

आण्णानं नुसती मान हलवली.

“बरं, तुम्ही शिकाऊ माणसांना काय सांगता ते सांगा.” सरांनी वही उघडली.

“पैली उकळी येती ती खुराड्यात मांजर शिरल्यागत. नुसता कालवा. मग वरची मळी काढली की रस निवळतो. न्हाऊन बसलेल्या बाळंतिणीगत दिसतो बघा. मग...”

आण्णा थांबला. कान टवकारले.

“काय करताय मास्तर?”

“लिहून घेतोय. उद्या वर्गात देतो.”

“हे मी बघितलेलं हाय. पोरांनी न्हाई.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. राग आलाच होता. “तुमची उदाहरणं चांगली आहेत. पण अलंकाराला शास्त्र असतं. उपमेय, उपमान, साधारण धर्म. ते यायला लागतं.”

“असंल की.”

आता एक सांगायला पाहिजे. आण्णाचे डोळे दोन वर्षांमागंच गेले होते. उजेड तेवढा कळायचा, बाकी धुकं. पाकाची बोटांत गोळी करून बघावी, तर आयुष्यभर तापल्या पाकात घालून बोटांचं कातडं मेलेलं. रोज मी काहिलीशी उभा राहून दिसेल ते सांगायचो आणि तो ठरवायचा. त्या दिवशी जाळ घालणारा आला नाही, म्हणून मी खड्ड्यात.

परवाही असंच झालं होतं. भैरू गड्याला बघायला सांगितलं, तर तो म्हणाला, “बरं दिसतंय.” काहीलभर रसाचं सगळं आधण करपलं. मालकानं तोंडावर सांगितलं, आणखी एक आधण गेलं तर दुसरा गुळव्या आणतो. आणि असला माणूस कामावरनं घरी बसला की वर्षभर काढत नाही. माझा थोरला भाऊ तसाच गेला.

वर काहिलीतला आवाज बदलला. मला खालनंही कळलं. आता वेळ जवळ आलेली. काहील जरा लवकर उतरवली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर कोळसा. आवाजावरनं वेळ जवळ आली एवढंच कळतं, आणि वासावर विसंबता येत नाही. करपल्याचा वास आला म्हणजे करपलेलंच असतं.

भैरू आणि तिघं गडी काहिलीच्या कड्यांत वासे घालून उभे राहिले.

“मी बघू का, आण्णा?” भैरू म्हणाला.

“तू वासा धर.”

मी खड्ड्यातून वर यायला लागलो. आण्णानं पाय आपटला.

“तू जाळ सांभाळ.”

मग त्यानं हात पुढं केला, चाचपडत सरांचं मनगट धरलं आणि काहिलीशी ओढलं.

“मास्तर, बघा की जरा. काय दिसतंय?”

“मी? मला यातलं काही...”

“दिसतंय ते सांगा. मला दिसत न्हाई.”

सरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी आण्णाच्या डोळ्यांकडं बघितलं. मग काहिलीत बघितलं.

“सोन्यासारखं दिसतंय,” ते म्हणाले.

“सोनं उकळताना बघितलंय?”

“नाही.”

“मग मला काय कळणार.”

सरांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी तो शर्टाला पुसला.

“समुद्रासारखं... लाटा येतायत.”

“समुद्र कवा बघितला?”

“शाळेच्या सहलीत. गाडीतून.”

भैरू हसला. आण्णा हसला नाही.

“दाट झालंय,” सर घाईनं म्हणाले. “तांबूस पिवळं. बुडबुडे मोठे आहेत.”

“हे खरं हाय. पण असं तर अर्धी घटका दिसतंय. त्यातलं आत्ताचं कसं?”

“कसं म्हणजे... कसं सांगू? शब्द नाही त्याला.”

“म्हणून तर इचारतोय.”

मी जाळ थोडा बाहेर ओढला. वरनं आवाज यायचा. बद्द... मग काही नाही. मग परत बद्द. मालकाची मोटारसायकल बाहेर लागली, तीही ऐकली सगळ्यांनी.

“आण्णा, माझ्याच्यानं होणार नाही. दुसऱ्या कुणाला...”

मनगट काही सुटलं नाही.

“मास्तर, सगळं आधण तुमच्यावर हाय. सावकाश बघा.”

सरांनी चष्मा काढून हातात धरला आणि आणखी वाकले. वाफेत तोंड दिसेना.

“आण्णा...” आवाज वर्गातला नव्हता. “माझी आई गेली, तेव्हा मी उशाशी बसलो होतो. छाती वर यायची, खाली जायची. मग थांबायची. वाटायचं, संपलं. तेवढ्यात परत एकदा वर यायची... हे तसं करतंय.”

भैरूचं हसू गेलं.

“थांबतंय ते सारखंच थांबतंय, का वाढत चाललंय?” आण्णानं विचारलं.

सर बघत राहिले.

“...वाढत चाललंय.”

आण्णानं दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

“उतरवा,” तो म्हणाला.