उंचीचे माप

समुद्राकाठच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जिथे वारा वर्षातले आठ महिने दोन माणसांना धड बोलू देत नाही, तिथे एकदा एका व्यापाऱ्याने घर बांधले. मुकुंदशेट त्याचे नाव. खोबऱ्याच्या व्यापारात त्याला बरकत आली होती. वास्तुशांत झाली आणि शेटच्या मनात आले, की अंगणात निशाण उभारावे. तेही असे, की खाली बाजारपेठेत कुणी मान वर केली तर पहिले तेच दिसावे.

पहिली काठी श्रावणात मधोमध मोडली. दुसरी तिच्याहून जाड होती. ती मोडली नाही, पण पुढल्या वर्षी भाद्रपदातल्या एका दुपारी बुडासकट उखडली आणि हद्दीचा दगडी गडगा ओलांडून शेजारच्या गोठ्यावर आडवी झाली. सुदैवाने तेव्हा तिथे कुणी नव्हते. शेटने गोठ्याची कौले त्याच दिवशी नवी घालून दिली आणि विषय मिटला असे मानले. मग त्याने खाली बंदरात गुणाजीबाबांना निरोप धाडला.

गुणाजीबाबा वृद्ध सुतार होते. गलबतांवर डोलकाठ्या उभ्या करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. दत्ताराम नऊ वर्षे त्यांच्याजवळ काम शिकत होता. हात तयार झाला होता, पण मोठे काम अजून त्याच्या नावावर नव्हते. या वेळी बाबा म्हणाले, "लाकूड तू निवड." दत्ताराम आठ दिवस राने तुडवत हिंडला आणि डोलकाठ्यांना वापरतात त्या उंडीचे एक झाड घेऊन आला. पस्तीस हात लांब, सरळ, कुठे गाठ नाही. तासून, तेल पाजून त्याने ते असे सिद्ध केले, की बंदरातले जाणते लोकही येताजाता त्यावरून हात फिरवीत. ही काठी सड्यावर उभी राहील आणि लोक म्हणतील, ही दत्तारामची, या कल्पनेने त्याला झोपेतही समाधान वाटे.

ठरल्या दिवशी बैलगाडीतून काठी वर आली. शेट अंगणात वाट पाहत होता. बाबांनी मात्र काठीकडे पाहिले नाही, आकाशाकडे पाहिले नाही. काठीसाठी खणलेल्या तीन हात खोल खड्ड्यापाशी जाऊन त्यांनी एक खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि बत्तीस हातांवर दोरीला गाठ मारली. गाठ दत्तारामच्या हाती देऊन म्हणाले, "दोरी ताणून धर आणि गोल फिरून ये."

दत्तारामला काही उमजेना. खड्डा तयार, काठी तयार, वारा आज पडलेला, आणि बाबांनी हे काय आरंभले? तरी तो निघाला. दोरी शेटच्या तुळशीवरून गेली, विहिरीच्या काठावरून गेली. वीस हातांवर गडगा आला तेव्हा तो थांबला.

"बाबा, इथून पुढे शेजाऱ्यांची जागा आहे."

"मागची काठी गडग्याशी थांबली होती का?" बाबांनी विचारले.

दत्ताराम गडगा चढून पलीकडे उतरला. दोरी गोठ्यावरून गेली, गोठ्याला लागूनच असलेल्या दारापुढच्या फणसाखालून गेली. फणसाची सावली गार होती आणि तिथे बसण्याजोगा एक सपाट दगड होता; पण त्या घरातली बाई तिथे नव्हती. ती दूर, कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, टळटळीत उन्हात पदर डोक्यावर ओढून काथ्याची दोरी वळत बसली होती. भागीरथी तिचे नाव. दत्ताराम तिला बाजारात पाहून ओळखत होता.

"काकू, अशा उन्हात का बसलात? तिथे सावली आहे."

"सावली आहे रे." ती हातातला पीळ न सोडता म्हणाली. "पण ती दुसरी काठी होती ना, ती वाऱ्यात करकरायची. रात्रंदिवस. ऐकून ऐकून मी एकदा जागा बदलली. म्हणून तर वाचले. आता तिसरी येतेय असं कळलं. म्हटलं, आधीपासूनच इथे बसायची सवय ठेवावी."

"मग शेटना सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? त्यांच्या घरचं निशाण. चांगल्या कामात आपण कशाला मोडता घालायचा?" आणि तिने त्याच्या हातातल्या गाठीकडे पाहिले. "म्हणजे काठी एवढी इथवर येणार होय?"

दत्तारामने गाठीपासून खड्ड्यापर्यंत नजर फिरवली. आपण आठ दिवस रानात हिंडून जे हुडकले, त्याची लांबी या बाईच्या दारापुढून जाते, हे त्याने आजवर मोजलेच नव्हते. फेरी पुरी करून तो परतला तेव्हा शेट वैतागला होता.

"बाबा, जमिनी मोजायला नाही बोलावलं तुम्हाला. न पडणारी काठी उभी करायला बोलावलं."

"तशी काठी मला येत नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "मी बसवलेल्या डोलकाठ्याही वादळात पडल्या आहेत. पडणारच नाही असं जो म्हणेल, त्याने अजून पुरेसा वारा पाहिलेला नाही. दोरी जिथवर गेली तिथवर तुमची काठी आहे, शेट. उभी असो की आडवी."

शेट काही बोलणार, इतक्यात दत्ताराम पुढे झाला. गुरूंसमोर गिऱ्हाइकाशी तो कधी बोलला नव्हता. पण त्याने भागीरथीचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. ती कुठे बसते, कधीपासून बसते, का बसते.

शेट गडग्यापाशी गेला. तिथून फणसाखालचा रिकामा दगड दिसत होता आणि त्यापलीकडे उन्हातली बाईही. दोन्हींमधले अंतर त्याने नजरेने मोजले. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"मला कुणी बोललं नाही कधी."

"उंचावरच्या माणसाला खालून कुणी सहसा हाक मारत नाही," बाबा म्हणाले. "त्यानेच खाली उतरून विचारायचं असतं."

"मग आता?"

"अठरा हात. तुमच्याच अंगणात मावेल एवढी. बाजारातून दिसणार नाही. अंगणातून दिसेल, गडग्याबाहेरच्या वाटेवरून दिसेल."

शेटने होकारार्थी मान हलवली. बाबांनी करवत उचलली आणि दत्तारामपुढे धरली. "झाड तुझं आहे. कापायचं तर तूच काप."

दत्तारामने एकवीस हातांवर खूण केली आणि करवत लावली. मग तो न थांबता कापत गेला. दुपार कलेपर्यंत काम उरकले. तीन हात काठी खडकात गेली, भोवती दगडचुरा आणि चुना ठासून भरला. शेटने आणलेले निशाणही बाबांनी निम्मे करायला लावले, म्हणाले, "वारा नुसत्या काठीला फारसा धरत नाही, कापडाला धरतो. जेवढं मोठं कापड, तेवढा काठीवर ताण. आणि वादळाची चिन्हं दिसली, की निशाण उतरवायचं. त्यात कमीपणा नाही."

संध्याकाळी वारा उठला. काठी किंचित लवली, पुन्हा सरळ झाली, करकरली नाही. भागीरथी गडग्यापाशी येऊन उभी होती. तिने दत्तारामला विचारले, "आता कुठवर?" त्याने गडग्याच्या अलीकडे दोन हातांवर बोट दाखवले. तिने ती जागा नीट पाहून घेतली, काथ्याची मोळी उचलली आणि फणसाखालच्या दगडावर जाऊन बसली. शेटनेही ते पाहिले. त्या दिवशी निशाणाकडे पाहून त्याला जे वाटले, ते बाजारातल्या शंभर माना वर झाल्या असत्या तरी वाटले नसते.

उतारावरून परतताना कापलेला चौदा हातांचा तुकडा गाडीत होता. बराच वेळ चालल्यावर दत्ताराम म्हणाला, "बाबा, लाकूड निवडतानाच तुम्ही मला सांगायचं होतं, की एवढं लांब नको."

"सांगितलं असतं, तर तू लहान झाड आणलं असतंस आणि मनात म्हणाला असतास, म्हातारा भित्रा आहे." बाबा हसले. मग चालता चालताच म्हणाले, "उंची सगळे वर पाहून मोजतात. ते माप खरं नव्हे, ते नुसतं कौतुक. खरं माप जमिनीवर असतं. आपण कोसळलो, तर कुणाच्या अंगावर कोसळू, ते फिरून पाहावं लागतं. तेवढ्यासाठी दोरी. आणि दोरी धरून तुलाच फिरायला हवं होतं. माझ्या फिरण्याने तुला ती बाई दिसली नसती."

दत्तारामने गाडीतल्या तुकड्यावर हात ठेवला. लाकूड दिवसभराच्या उन्हाने अजून उबदार होते. "बंदरातल्या एखाद्या होडीला चांगली डोलकाठी होईल याची," तो म्हणाला. "होडीच्या मापाने."

दत्तारामच्या मनात काठी कापल्याची खंत शोधूनही सापडेना.

वर चढण्याची इच्छा वाईट नाही. चढण्याआधी आपल्या सावलीखाली कोण बसले आहे, एवढे पाहून घ्यावे.